सत्तावन्न टक्के जिंकले आणि हरलेही

निवडणूक कायदा हा वकिलांचा आणि पक्षांचा विषय, असे आपल्या बैठकांतून अजूनही ऐकू येते. अमेरिकेतील स्त्रियांचा अनुभव पाहता हा समज आपण सोडायला हवा, असे मला वाटते.

तिथल्या १९५४च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमाफी घेणाऱ्या चर्चला निवडणुकीत उमेदवाराची बाजू घेता येत नाही. यामुळे धर्म आणि राजकारण यांची फारकत झाली का? सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला सर्वांत मोठा इव्हँजेलिकल पंथ. बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, आईचे आरोग्य अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा असावी, असा ठराव १९७१ साली याच पंथाने केला होता. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ उभी राहिली आणि पाहता पाहता गर्भपातविरोध ही धर्मनिष्ठेची खूण ठरली. नव्वदच्या दशकात ‘ख्रिश्चन कोअॅलिशन’ने चर्चमधून मतदार मार्गदर्शिका वाटल्या. अमक्याला मत द्या, असे त्यात नसे. कोणत्या प्रश्नावर कोणाची काय भूमिका, एवढाच तक्ता असे. वाचणाऱ्याला काय ते कळे. धर्मगुरूने स्वतःच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी निवडणुकीबद्दल केलेले बोलणे या बंदीत येत नाही, अशी भूमिका तर २०२५च्या जुलैत करखात्यानेच न्यायालयात मांडली.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काला संरक्षण देणारा १९७३चा निकाल रद्द केला आणि प्रश्न राज्यांकडे गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोच्या सुमारे ५७ टक्के मतदारांनी हा हक्क राज्यघटनेत घातला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातही सुमारे ५७ टक्के मते हक्काच्या बाजूने पडली. तिथे मात्र ठराव हरला, कारण घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागतात. ही अट २००६ साली मंजूर झाली तीच मुळी ५८ टक्क्यांहून कमी मतांनी! सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरील बंदी फ्लोरिडात कायम राहिली. ओहायोतही ऑगस्ट २०२३ मध्ये हीच अट आणण्याचा प्रयत्न झाला होता. मतदारांनी तो वेळीच हाणून पाडला, म्हणून पुढचा विजय शक्य झाला.

माझा आक्षेप श्रद्धेला नाही. या ५७ टक्क्यांत चर्चला जाणाऱ्या बायकाही होत्या. प्रश्न आहे तो संघटित धर्मसत्तेचा आणि तिच्या सोयीच्या नियमांचा.

आपल्याकडे सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्याही धर्माच्या वा जातीच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरला. निकाल स्वागतार्ह आहे. पण बाईने कसे वागावे, कोणाशी लग्न करावे, हे वर्षभर प्रवचनांतून, सत्संगांतून ठसवले जाते, त्याला हे कलम लागू होत नाही. ते काम आपल्यालाच वस्तीवस्तीत करावे लागेल. आणि मतदानाचे नियम बदलू लागले की ‘हा आपला विषय नाही’ म्हणून गप्प बसणे आपल्याला परवडणार नाही.