आधी पारख, मग खरेदी
कसोटीवर घासल्यावाचून सराफ सोन्याचे मोल करीत नाही. सार्वजनिक पैशालाही हाच न्याय हवा. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये हवा शुद्ध करणारा सुमारे २४ मीटर उंचीचा मनोरा सुरू झाला. ४० पंखे, २० कोटी रुपयांहून अधिक खर्च आणि एक किलोमीटर परिसराला लाभ होईल ही अपेक्षा. प्रत्यक्ष मोजणीत तो लाभ मनोऱ्याच्या निकटच दिसला. मोकळ्या हवेला भिंती नसतात. यंत्राच्या तोंडाशी हवा स्वच्छ असणारच. खरी परीक्षा दूरवर, यंत्र चालू व बंद ठेवून, सर्व ऋतूंत व्हावी. वीज आणि गाळण्यांचा खर्चही हिशेबात धरावा. या हिशेबात न उतरणारे यंत्र नाकारावे आणि तोच पैसा धूर उगमाशी रोखण्यास लावावा. पुढील पिढीच्या श्वासाचे हे देणे आहे.