पुस्तके बदलली, प्रश्नपत्रिका तीच!

प्रतिनिधी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील शालेय अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलू लागला आहे. प्राथमिक शाळेतील विज्ञान हे 'करून पाहण्याचे' असावे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. मात्र हाच निर्धार यापूर्वीही अनेकदा व्यक्त झाला होता. तो वर्गाच्या दाराशीच का अडखळतो, याचा हा ऊहापोह.

बर्फ घातलेल्या पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवला की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या बाजूस थेंब जमू लागतात. हे पाणी आले कुठून, असे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना विचारले, तर 'पेल्यातूनच झिरपले' असे उत्तर अनेकदा मिळते. हे उत्तर चुकीचे असले तरी बिनबुडाचे नाही. घरातील माठ झिरपतो, हे मुलाने पाहिलेले असते आणि त्या अनुभवाच्या आधारेच ते तर्क करीत असते.

अशा वेळी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. 'हवेतील बाष्पाचे संघनन होऊन पाण्याचे थेंब तयार होतात' हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेणे, हा पहिला मार्ग. पेल्यातील पाण्यात थोडा रंग मिसळून बाहेर जमणारे थेंब रंगीत आहेत की नाहीत, हे मुलांनाच पाहू देणे आणि मग चर्चेला तोंड फोडणे, हा दुसरा. पहिल्या मार्गाला दोन मिनिटे पुरतात, दुसऱ्याला अख्खी तासिका लागते. प्राथमिक स्तरावरील विज्ञान शिक्षणाचा कळीचा मुद्दा या निवडीतच दडलेला आहे. ही निवड पाठ्यपुस्तक करू शकत नाही. ती हाताशी असलेला वेळ, शिक्षकाची तयारी आणि वर्षअखेरीस समोर येणारी प्रश्नपत्रिका यांवर ठरते.

जुनाच संकल्प

मुलाच्या परिसरापासून विज्ञानाची सुरुवात व्हावी, ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान अनिवार्य असावे, अशी शिफारस केली आणि लहान वयात मुलाच्या भोवतालाला केंद्रस्थानी ठेवण्यावर भर दिला. १९७५ च्या राष्ट्रीय आराखड्यातून परिसर अभ्यासाची संकल्पना पुढे आली. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' या आशयाचा अहवाल देताना दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचे ओझे अधिक जाचक असल्याचे निदर्शनास आणले. पुढे यशपाल यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झालेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून फारकत घेण्याचा आग्रह धरला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यावर आधारित २०२३ चा शालेय आराखडा यांचा सूरही तोच आहे.

या आराखड्यानुसार तिसरी ते पाचवी या टप्प्यात 'आपल्या सभोवतालचे जग' असा एकत्रित विषय असून सहावीपासून विज्ञान स्वतंत्रपणे सुरू होते. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी आणलेल्या विज्ञानाच्या पुस्तकाचे नावच 'क्युरिऑसिटी', म्हणजे जिज्ञासा, असे आहे. महाराष्ट्रातही बालभारतीच्या 'परिसर अभ्यास' पुस्तकांत 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी वर्षानुवर्षे छापल्या जात आहेत. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीपासून नव्या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. थोडक्यात, कागदावर उणीव नाही.

मग निष्पन्न काय झाले? केंद्राच्या 'परख राष्ट्रीय सर्वेक्षणा'त डिसेंबर २०२४ मध्ये देशभरातील ७४ हजारांहून अधिक शाळांतील सुमारे २१ लाख विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. सहावीच्या विद्यार्थ्यांना सभोवतालचे जग या विषयात सरासरी ४९ टक्के, तर नववीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानात सरासरी ४० टक्के प्रश्नांची बरोबर उत्तरे देता आली. दोन्ही गट वेगळे, प्रश्नही वेगळे. त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य ठरणार नाही. तरीही प्राथमिकचा टप्पा ओलांडताना निम्म्याहून अधिक प्रश्न अनुत्तरित किंवा चुकीचे राहावेत, ही बाब गंभीर आहे.

चुकीच्या कल्पना पुसल्या जात नाहीत

लहान मूल कोरी पाटी घेऊन शाळेत येत नाही. जड वस्तू बुडतात आणि हलक्या तरंगतात, झाडे आपले अन्न मातीतून घेतात, उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो अशा अनेक समजुती ते सोबत आणते. शिकवलेले वाक्य या समजुतींच्या शेजारी जाऊन बसते, त्यांची जागा घेत नाही. परीक्षेत पुस्तकातील वाक्य उतरते. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र जुनी समजूतच वर येते.

याचे बोलके उदाहरण १९८७ मधील 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या अमेरिकी माहितीपटात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ऋतू का बदलतात, चंद्राच्या कला कशामुळे दिसतात, असे प्रश्न विचारण्यात आले. २३ जणांपैकी २१ जणांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, हेच उत्तर अनेकांच्या तोंडी आले. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीस, म्हणजे आपल्याकडील ऐन थंडीत, ही एकच गोष्ट लक्षात घेतली असती तरी ते उत्तर टिकले नसते.

अशा चुकांपासून मोठे शास्त्रज्ञही मुक्त नव्हते. बेल्जियमच्या व्हॅन हेल्मॉन्ट यांनी सतराव्या शतकात २०० पौंड मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. माती मात्र केवळ दोन औंसांनी घटली. झाड मातीतून वाढत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु सारी वाढ पाण्यातूनच झाली, हा त्यांचा निष्कर्ष अपुरा होता. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा समोर यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. जे कळण्यास मानवजातीला इतका काळ लागला, ते चौथीच्या मुलाने पंचवीस मिनिटांत 'प्रकाशसंश्लेषण' या एका शब्दासह आत्मसात करावे, ही अपेक्षा कितपत रास्त, याचा विचार व्हायला हवा.

होशंगाबादचा धडा

वेगळा मार्ग शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात मिळते. होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शाळांत १९७२ मध्ये 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया' या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्याला सक्रिय पाठिंबा लाभला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

या कार्यक्रमाचे पुस्तक 'बाल वैज्ञानिक' या नावाने ओळखले जाई. त्यात उत्तरे कमी आणि प्रश्न अधिक असत. मुले गटागटाने प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत आणि त्यावर वाद घालीत. शाळांना प्रयोगसाहित्याचे संच मिळत, उन्हाळी सुट्टीत शिक्षकांची शिबिरे होत आणि दर महिन्याला शिक्षक एकत्र येऊन अडचणींवर चर्चा करीत. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राच्या नावे मुले आपले प्रश्न पत्राने पाठवीत आणि त्यांना उत्तरेही मिळत. पुण्यातील टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन येथेच दाखल झाले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी बनवलेल्या आकृत्या पुढे देशभर पोहोचल्या; पुण्याच्या 'आयुका'तील विज्ञान केंद्रात त्यांनी घडवलेली खेळणी महाराष्ट्रातील शाळांनाही परिचित आहेत.

या प्रयोगाचे सर्वांत धाडसी अंग मात्र परीक्षा हे होते. लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ बाळगण्याची मुभा होती. सोबत प्रात्यक्षिक परीक्षाही असे. पाठ केलेले उत्तर उतरवण्याला किंमतच उरली नव्हती. त्यामुळे वर्गात प्रयोग टाळून चालत नसे. हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने थांबवला, तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांत सुरू होता. उर्वरित राज्याहून निराळे पुस्तक काही भागांतच का, हा आक्षेप प्रबळ ठरला. मात्र तीस वर्षे सरकारी शाळांत, सामान्य शिक्षकांच्या बळावर हे घडू शकले, ही वस्तुस्थिती त्याने पुसली जात नाही.

शिक्षकाची कोंडी

महाराष्ट्रातील चित्र पाहता पहिला अडसर शिक्षकाच्या तयारीचा आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि पात्रता परीक्षा हा मार्ग आहे. बारावीची शाखा कोणतीही चालते. त्यामुळे दहावीनंतर विज्ञानाशी संबंध न आलेली व्यक्ती परिसर अभ्यास शिकवत असणे हे मुळीच अपवादात्मक नाही. यात त्या शिक्षकाचा दोष नाही. मुलाच्या अनपेक्षित प्रश्नाला 'मला माहीत नाही, आपण करून पाहू' असे म्हणायचे, तर विषयाची थोडीफार खात्री लागते. ती देण्याची व्यवस्था नाही.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक बंधनकारक केला. पाचवीपर्यंत मात्र साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक असा निकष आहे. म्हणजे लहान शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्यातच २०२१ पासून राबवल्या जाणाऱ्या 'निपुण भारत' अभियानामुळे तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान यांना अग्रक्रम मिळाला आहे. तो योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ परिसर अभ्यासाची तासिका भाषा-गणिताच्या सरावाला देणे, असा काढला जाऊ नये. पावसाचे पाणी मोजून नोंदवणारे मूल गणितही शिकत असते आणि लिहायलाही.

जे विचारले जाते, तेच शिकवले जाते

दुसरा आणि अधिक निर्णायक अडसर मूल्यमापनाचा आहे. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा अशी पद्धत पुन्हा लागू झाली. पाचवीत परिसर अभ्यास आणि आठवीत विज्ञान हे विषय तिच्या कक्षेत आहेत. परीक्षा असावी की नसावी, या वादात तिच्यात काय विचारावे हा प्रश्न मागे पडला.

'बाष्पीभवन म्हणजे काय?' या प्रश्नाला घोकून उत्तर देता येते. 'सारख्याच ओल्या दोन रुमालांपैकी एक घडी घालून आणि एक पसरून ठेवला, तर आधी कोणता वाळेल? का? खात्री करून घेण्यासाठी काय कराल?' या प्रश्नाला येत नाही. दुसरा प्रश्न दरवर्षी येणार, हे एकदा स्पष्ट झाले की शिक्षक आणि पालक दोघेही रुमाल वाळत घालतील. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

शहरी पालकांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. प्राथमिक स्तरावरील शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी यांना स्थान आहे, विज्ञानाला नाही. साहजिकच सरावाचा सारा वेळ तिकडे जातो. याउलट सहावी व नववीसाठी १९८१ पासून घेतल्या जाणाऱ्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखतीचे टप्पे आहेत. तिच्या तयारीला लागलेली मुंबई-ठाण्यातील मुले हातात परीक्षानळी धरतात, ती याच कारणाने. मात्र ही संधी निवडक मुलांना आणि शिकवणीचे शुल्क परवडणाऱ्या घरांना अधिक मिळते. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो बाजारातून आणलेल्या तयार ज्वालामुखीच्या प्रतिकृतीचा 'प्रकल्प'.

अर्थात, 'करून पाहणे' हा काही रामबाण उपाय नाही. प्रयोगानंतर चर्चा झाली नाही, तर तो केवळ खेळ ठरतो आणि नेमकी माहिती व संज्ञा यांचेही महत्त्व कमी होत नाही. संघनन हा शब्द मुलाला यायलाच हवा. फक्त तो थेंब पाहिल्यानंतर यावा, इतकेच.

राज्यघटनेत १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करण्याचा समावेश आहे. हा दृष्टिकोन महाविद्यालयात पोहोचल्यावर अचानक अंगी बाणत नाही. 'हे खरे कशावरून?' असे विचारण्याची सवय लागते ती आठव्या-नवव्या वर्षी, किंवा मोडते तीही त्याच वयात. आगामी काही वर्षांत राज्यातील प्रत्येक इयत्तेचे पुस्तक नवे होईल. त्यांच्या मुखपृष्ठांची आणि धड्यांची चर्चा होईल, वादही झडतील. परंतु बदल खरोखर वर्गात पोहोचला की नाही, हे जाणून घ्यायचे असेल तर पालकांनी वर्षअखेरीस मुलाच्या हातातील प्रश्नपत्रिका एकदा उलगडून पाहावी. तिच्यात व्याख्याच विचारल्या असतील, तर पेल्यावरचे थेंब पाहण्याची सवड त्या वर्गाला यंदाही मिळाली नसणार.