'जयभीम' देणाऱ्या माणसाचे घर

वाशीमच्या बसस्थानकावर दोन समाजबांधव भेटले की तोंडातून पहिला शब्द 'जयभीम' निघतो. हा शब्द चळवळीला कोणी दिला, असे आम्ही मध्यंतरी कोर्टात आलेल्या एका पदवीधर तरुणाला विचारले. त्याला सांगता आले नाही. दोष त्याचा नाही. आमच्या जयंतीच्या फलकांवर हयात पुढाऱ्यांच्याच फोटोंना जागा पुरत नाही!

ते नाव बाबू हरदास एल. एन., म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. कामठीचे. जन्म ६ जानेवारी १९०४. सोळाव्या वर्षी साहुबाईंशी लग्न झाले, आणि सतराव्या वर्षी या गृहस्थाने 'महारठ्ठा' साप्ताहिक काढले. पुढे वस्तीत रात्रशाळा, संत चोखामेळा ग्रंथालय, तरुणांचे स्वयंसेवक पथक. १९३२ च्या मे महिन्यात कामठीला अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या तयारीतही ते होतेच. 'जयभीम' हे अभिवादन त्यांनी १९३५ च्या सुमारास रूढ केले.

पण आम्हा वकिलांना त्यांचे बिडी कामगारांतले काम अधिक मोठे वाटते. घरोघरी बाया-माणसे बिड्या वळत. कंत्राटदार त्यातल्या काही खराब ठरवून मजुरी कापी आणि बिड्या मात्र ठेवून घेई. हरदासांनी कामगारांचा संघ बांधला, सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करून पाहिले. नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या तंट्याची दाद मागण्याची सोय केंद्राच्या कायद्यात आली ती १९६६ साली. तोवर हरदासांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

१९३७ ला ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. आमचे वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका, त्याच वऱ्हाडातले. म्हणजे ते सभागृह आमचेही होते. दोनच वर्षांनी, १२ जानेवारी १९३९ रोजी, क्षयाने त्यांना नेले. वय पस्तीस. मागे साहुबाई राहिल्या. त्यांचे पुढे कसे चालले, हे आमच्या किती वक्त्यांनी कधी विचारले?

हाच प्रश्न आज मानोरा, रिसोड, मालेगावच्या वस्त्यांतही आहे. दिवसभर सोयाबीनच्या रानात राबून रात्री विहाराच्या बैठकीला सतरंजी टाकणारा, दवाखान्यात रक्त द्यायला धावणारा, अत्याचाराची फिर्याद नोंदवायला पीडिताबरोबर ठाण्यात रात्र काढणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. त्याची बायको मजुरीला जाते म्हणून त्याची चळवळ चालते. तो गेला की शोकसभा होते, दोन मिनिटे उभे राहतो, आणि पोरीची फी भरायची वेळ आली की त्या घराचा रस्ता कोणालाच आठवत नाही. आम्हीही यातून सुटलेले नाही.

विहार समित्यांपुढे आमची एवढीच सूचना आहे: येत्या १२ जानेवारीला वही घेऊन बसा. आपल्या गावच्या दिवंगत कार्यकर्त्यांची नावे, साल, केलेले काम लिहून काढा. शेजारी त्यांच्या घरी आज कोण आहे, मुले शिकतात की नाही, हेही लिहा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग त्या घरांसाठी वेगळा काढा आणि हिशेब सभेत वाचा. डीजे एक रात्र कमी वाजला तरी चालेल. कागदपत्रांचे काम असेल, तर आम्ही वाशीमच्या कोर्टात रोज असतोच, फी घेणार नाही.