पॉम्पेईचा उरलेला हिस्सा मातीखालीच असू द्या

#थ्रेड

१/१३
इटलीतील पॉम्पेईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘येथे काळ थांबला आहे.’ वाक्य सुंदर आहे, पण अर्धेच खरे आहे. काळ थांबला होता तो शहर मातीखाली असेपर्यंत. पहिली कुदळ पडली आणि तो पुन्हा चालू लागला. या शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग आजही उत्खननाविना आहे. तो तसाच राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे या थ्रेडमध्ये.

२/१३
आधी पार्श्वभूमी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई सुमारे चार ते सहा मीटर जाडीच्या राख-दगडांच्या थरांखाली गाडले गेले. तटबंदीच्या आतील क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर. पद्धतशीर खोदकाम सुरू झाले १७४८ मध्ये. म्हणजे जवळजवळ सतराशे वर्षे या नगरीच्या बहुतांश भागाला ना ऊन लागले, ना पाऊस.

३/१३
आज तेथे जाणाऱ्याला काय दिसते? रस्त्यांच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पादचाऱ्यांना पाय न भिजवता पलीकडे जाता यावे म्हणून मधोमध बसवलेले उंच दगड. बेकऱ्यांतील ज्वालामुखी खडकाची जाती. गरम अन्न विकणाऱ्या दुकानांचे कट्टे व त्यांत बसवलेले रांजण. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार, हिशेब, शिव्या आणि प्रेमाचे निरोप.

४/१३
राजवाडे व मंदिरे अनेक प्राचीन शहरांत उरली आहेत. सामान्य माणसाचा मंगळवार मात्र फार थोड्या ठिकाणी उरला आहे. पॉम्पेईचे खरे मोल येथे आहे. म्हणून तेथे गेलात, तर केवळ फोरम आणि रंगमंडल पाहून परतू नका. एखादी साधी गल्ली निवडा आणि दुकानाच्या उंबऱ्यावरील फळ्यांची खाच पाहा. दुकान रोज कसे बंद होई, हे ती सांगते.

५/१३
आता मूळ मुद्दा. अठराव्या शतकातील उत्खनन हे ज्ञानासाठी नव्हते. नेपल्सच्या बूर्बों राजघराण्याच्या संग्रहासाठी होते. चांगली भित्तिचित्रे भिंतीतून कापून नेली गेली, मूर्ती उचलल्या गेल्या आणि कित्येक घरे पुन्हा बुजवली गेली. कोणती वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या थरात, कशाशेजारी होती, ही माहिती बहुतांशी कायमची गेली. वस्तू वाचली, तिचा संदर्भ हरवला.

६/१३
१८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्लीने राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतले आणि मृतांच्या आकृती जगासमोर आल्या. त्याच्या आधीच्या शंभराहून अधिक वर्षांत अशा किती पोकळ्या नकळत फोडल्या गेल्या असतील? उत्खनन हे असे पुस्तक वाचणे आहे, ज्याचे प्रत्येक पान वाचताक्षणी फाटते. म्हणून वाचणाऱ्याला लिपी नीट येत असणे आवश्यक आहे.

७/१३
आणि लिपी अजून आपण शिकतोच आहोत. ‘सोन्याच्या कंकणाचे घर’ येथील एका प्रौढ व्यक्तीला व तिच्याजवळच्या बालकाला दीर्घकाळ आई व मूल मानले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून ती प्रौढ व्यक्ती पुरुष असल्याचे, आणि त्या बालकाशी तिचे रक्ताचे नाते नसल्याचे दिसून आले. कंकण म्हणजे स्त्री, हा निष्कर्ष पुराव्याचा नव्हता, पाहणाऱ्याच्या काळाचा होता.

८/१३
दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. जे उघडले आहे, तेच सांभाळताना दमछाक होते. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांचे दीडशेहून अधिक बॉम्ब या अवशेषांवर पडले. नोव्हेंबर २०१० मध्ये, पावसाच्या दिवसांत, ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही वास्तू कोसळली. ती १९१५च्या सुमारास उघडण्यात आली होती. मातीखाली अठरा शतके तग धरलेल्या वास्तूला उघड्यावर एक शतकही पुरे काढता आले नाही.

९/१३
त्यानंतर सुमारे १०.५ कोटी युरोंचा जतन प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातून भिंती सावरल्या, पाण्याचा निचरा सुधारला. पण वर्षाला चाळीस लाखांहून अधिक पाहुणे येत असतील, तर दगडही झिजतो. २०२४च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा घालण्यात आली. काहींना ती जाचक वाटली. मला ती उशिरा आलेली वाटते.

१०/१३
प्रतिवादही ऐकला पाहिजे. २०१८ मध्ये सापडलेल्या कोळशाच्या एका लेखावर १७ ऑक्टोबरशी जुळणारी तिथी होती. त्यामुळे उद्रेकाची २४ ऑगस्ट ही रूढ तारीख डळमळली. खोदलेच नसते, तर हे कळले असते का? शिवाय शहराबाहेर चिविता ज्युलियाना येथे लुटारूंनी भुयारे खणली होती. म्हणजे मातीही पूर्ण सुरक्षित नाही.

११/१३
हे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि त्यांचे उत्तर त्यांच्यातच आहे. २०१८चे ते काम, न खोदलेल्या भागाचा उतार अवशेषांवर ढासळू नये म्हणून हाती घेतले होते. चिविता ज्युलियाना येथे लूट थांबवणे निकडीचे होते. धोका असेल तेथे जरूर खोदावे, सावकाश खोदावे. केवळ नवे काही दाखवायला हवे, म्हणून खोदू नये.

१२/१३
आपला याच्याशी काय संबंध? १९३८ मध्ये पॉम्पेईत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर; आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे मिळाल्या आहेत. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने तिच्या जन्मस्थानाबद्दल मतभेद आहेत. दख्खनचा रोमशी असलेला व्यापार मात्र निर्विवाद आहे.

१३/१३
तेर आणि भोकरदनची पांढरीची टेकाडे आजही नांदत्या वस्तीच्या अंगाखाली आहेत. पावसाळ्यानंतर तेथे खापरे, मणी, नाणी वर येतात. मित्रहो, ती खिशात घालू नका. जागा टिपून ठेवा, छायाचित्र घ्या, पुरातत्त्व खात्याला कळवा. पॉम्पेईत राजाने जे केले, तेच आपण लहान प्रमाणावर करू नये. आपल्यापेक्षा चांगले वाचक पुढे येणार आहेत. त्यांच्यासाठी काही पाने न फाडता ठेवणे, हेही इतिहासप्रेमाचेच काम आहे.