शिर सलामत, पण दात?

"शिर सलामत तर पगड्या पचास" ही म्हण मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिली असेल. गेल्या आठवड्यापासून मात्र तिचा राग येतोय.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. तिसऱ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, उपचार झाले, पूर्ण बरी झाली. आता १७ वर्षांची आहे. दाढा हलतात, तीन दात तर कधी आलेच नाहीत. हसताना तोंडापुढे ओढणी धरते. दाताच्या डॉक्टरकडे नेलं तर पहिला प्रश्न काय? "खर्रा खातेस का?" (आमच्या यवतमाळात हा प्रश्न विचारावा लागतो हे मान्य. पण या पोरीला?)

अहो, कायमचे दात सहाव्या वर्षी दिसू लागतात, पण हिरडीच्या आत त्यांची घडण जन्मापासूनच सुरू असते. केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. रोगाची पेशी कोणती आणि दाताची कोणती, हे तिला कळत नाही. मग दात बारके राहतात, मुळं आखूड राहतात, काही उगवतच नाहीत. जबड्यावर किरणं दिली असतील तर लाळ आटते, हाडाची वाढ खुंटते, पुढे दात काढला तर जखमही नीट भरत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे. या पोरीच्या जाडजूड फाईलमध्ये मात्र दातांबद्दल एक ओळ नाही!

आता पैशाचं. आयुष्मान भारत योजनेत केमोथेरपी बसते. भरती व्हावं लागत नाही असं दाताचं काम बसत नाही. का? तो काय नटण्यामुरडण्याचा खर्च आहे? त्याच उपचाराचा तो राहिलेला भाग आहे. इम्प्लांट जबड्याची वाढ थांबल्यावरच बसवतात, तोवर काढ-घालीची कवळी, तीही वाढत्या वयात बदलत राहायची. मला कवळी ७१व्या वर्षी लागली, हिला १७व्या!

वर नातेवाईक म्हणतात, "जीव वाचला ना, मंग दाताचं काय घेऊन बसले?" त्यांनी एकदा तिला भाकर दुधात कुस्करून गिळताना पाहावं.

तिच्या वडिलांना सांगितलंय, जुने कागद शोधा. कोणत्या वयात कोणतं औषध दिलं, ते दंतवैद्याला लागेल. सोमवारी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचंय. पहाटेची एस.टी. आहे. मीही जाणार. माझीही कवळी जरा सैल झालीय.