घरटी एक माणूस

मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी चौकात आली की रस्ते फुटतात. एक चौसाळ्याकडे, एक नेकनूर-केजकडे, एक पाटोद्याकडे. बीड शहरच समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर, आणि बालाघाटावरचं हे आमचं गाव त्याच्याही वर. आम्ही पाणी मोजलं ते घागरींनी आणि टँकरच्या खेपांनी. अशा गावचा मी विमानातून हॉलंडमध्ये शिफोलला उतरलो तो समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली. फोनवर आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आरं, मग तुमच्या डोक्यावर समुद्र हाय का?"

तेव्हा हसलो. आता दरवर्षी इथल्या पाणी-मंडळाच्या कराचं बिल आलं की तिचा प्रश्न आठवतो. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची. राजा येवो-जावो, बांध ज्याच्या-त्याच्या वाट्याला नेमलेला. तरीही 1953 च्या फेब्रुवारीत, ऐन रात्री, झीलंडचे बांध फुटले आणि या देशात 1836 माणसं गेली. त्यातून पुढे समुद्र अडवणारी डेल्टाची कामं उभी राहिली. रॉटरडॅमजवळचा मासलांटचा अजस्र दरवाजा 1997 चा. डिसेंबर 2023 मध्ये वादळाचं पाणी चढलं, तेव्हा तो पहिल्यांदाच पातळी पाहून आपोआप मिटला.

आपण हे पाहून "काय शिस्त आहे लोकांची!" म्हणतो. मीही म्हणायचो. मग गेल्या हिवाळ्यात इथल्या आपल्या गणपतीच्या मूर्तीचं ठरवायला पेणला गेलो आणि जरा गप्प झालो.

पेण, अलिबागचा खारेपाट म्हणजे छोटं हॉलंडच. खाडीच्या कडेने मातीचे बांध, ओहोटीला गोडं पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या, आत भात. या बांधांची डागडुजी गाव मिळून करायचं. त्याला म्हणतात जोळ. घरटी एक माणूस, चिखलात उभं राहून. पुढे खारभूमीचं सरकारी खातं झालं, तरुण कारखान्यांकडे आणि मुंबईकडे वळले, जोळ विरत गेली. आता उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. पनवेलच्या संशोधन केंद्राने खार सोसणारी भाताची वाणं काढली आहेत, पण रोज भरतीखाली जाणाऱ्या शेतात वाण तरी काय करणार? तिथे कांदळवन उगवतं. किनाऱ्याला ते हवंच, लाटांचा जोर तेच मोडतं, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात. फक्त ज्याच्या सातबाऱ्यावर ते उगवलं, त्याला ते तोडता येत नाही आणि पेरताही येत नाही.

खांडींचं सगळं खापर वाढत्या समुद्रावर फोडणं सोपं आहे, पण खरं नाही. दुर्लक्षाचा वाटा मोठा. मात्र समुद्र थांबलेलाही नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची पातळी नोंदली जाते, आणि ती चढते आहे. 1901 ते 2018 मध्ये जगाचा समुद्र सरासरी वीसेक सेंटिमीटर वर आला. वीत म्हणा. कमरेएवढ्या मातीच्या बांधाला वीत म्हणजे बरंच झालं.

आणि घाटावरच्यांनी निवांत बसावं असंही नाही. समुद्र तापला की फुगतो आणि जास्त वाफही सोडतो. फुगवटा पेणच्या बांधाला लागतो, वाफ ढगांतून कुठेही पोचते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की बीडकडे शेतांतली मातीच वाहून गेली. त्या दिवसांत आईने फोनवर पाण्याचंच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा, ते जास्त झालं म्हणून.

यंदाची आपली शाडूची मूर्ती पेणला तेव्हा ठरवलेल्या मूर्तींच्या कारखान्यातून निघाली आहे. कारखान्यामागे पूर्वी भातशेत होतं, आता कांदळवन आहे. खोका पोचला की शनिवारी सकाळी दहाला सभागृहात उघडायचा, मांडव घालायचा. घरटी एक माणूस तरी यावा.