घट्ट म्हणजे किती घट्ट?

अमेरिकेत आलेल्या मराठी इंजिनिअरला दोन छंद हमखास जडतात. एक लॉन कापायचा आणि दुसरा गाडीचं ऑइल घरी बदलायचा. पहिल्याबद्दल पुन्हा कधीतरी. दुसऱ्याबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते आज सांगून टाकतो. ड्रेन प्लग हाताच्या अंदाजाने आवळू नका. टॉर्क रेंच वापरा.

आता तुम्ही म्हणाल, एक बोल्ट तर आहे, त्यात काय एवढं! नेमकी इथेच गोम आहे. प्लग असतो पोलादाचा, आणि तो ज्या ऑइल पॅनमध्ये बसतो तो बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचा. जास्त आवळलात तर प्लगला काही होत नाही, पॅनचे आटे जातात. बरं, ते त्याच दिवशी कळेल असंही नाही. पुढच्या खेपेला प्लग काढताना आट्यांचा चुरा हातात येतो. म्हणजे बग आज लिहायचा आणि सापडायचा पुढच्या रिलीजला! आणि ढिला राहिला तर? हायवेवर प्लग पडला की बघता बघता ऑइल संपतं आणि इंजिन जाम.

"आमच्या गावचा मेकॅनिक कुठे टॉर्क रेंच वापरतो?" हा ठरलेला प्रश्न. खरं आहे. पण त्याच्या हाताखालून हजारो प्लग गेलेत, आणि चुकलेला प्लग गिऱ्हाइकासकट त्याच्याच दारात परत आलाय. आपण वर्षातून दोनदा आवळणार. एवढ्यावर हात बसत नाही हो.

शिवाय हाताला फसवणं फार सोपं. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या प्लगचा आकडा आहे ३९ न्यूटन-मीटर. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हा साधारण १६ किलोचा जोर. तोच जोर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर लावला की झाले ७८! हाताला दोन्ही वेळा सारखंच वाटतं.

युनिट्सही नीट बघा. वरचे ३९ न्यूटन-मीटर म्हणजे २९ फूट-पाउंड. चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर ३९ लावलेत तर प्रत्यक्षात ५३ न्यूटन-मीटर पडतात. युनिट्सच्या घोळात १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं, आपल्या पॅनची काय कथा.

आणि गळती थांबवण्याचं काम वॉशरचं. मऊ धातूचा वॉशर एकदा दबला की त्याचं काम झालं, दर वेळी नवा घाला. प्लग ठिबकतोय म्हणून आणखी पिळायचा, हा सगळ्यात महागडा उपाय.

बाकी पथ्यं साधीच आहेत. प्लग आधी बोटांनी फिरवून बसवा. आटे तिरके जात असतील तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. रेंचचा 'टक्' आवाज आला की थांबा, खात्रीसाठी दुसरा 'टक्' नको. गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना भरायचा प्लग आधी सुटतोय का ते बघा. खालून सगळं काढल्यावर वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच उभी! आणि तिथला आकडा वेगळा असतो. होंडाच्याच बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना तो ४९ आहे. तेव्हा आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा, मित्राच्या गाडीचं नाही.

'हात बसलाय' याचं आपल्याकडे मोठं कौतुक, आणि ते योग्यच. पण ज्याने तो पॅन डिझाइन केला त्याने आकडा लिहून ठेवलाय. तो न वाचता जोर लावणं याला मी तरी कौशल्य म्हणणार नाही. रेंच विकत घ्यायचा नसेल तर इथल्या बऱ्याच ऑटो पार्ट्सच्या दुकानांत डिपॉझिटवर उसना मिळतो.

असो. या वीकेंडला कोणी गाडीखाली शिरणार असेल तर जॅकच्या भरवशावर राहू नका, पक्के स्टँड लावा. आणि तो आकडा कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवून टाका.